अक्षरांवाचून एक दिवस



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या चित्रकलेच्या वर्गात मी तीन वर्षे बसलो. माझा हात काही फार चांगला नव्हता. पण त्या वर्गातली एक शनिवारची सकाळ माझ्या पुढच्या सगळ्या आयुष्याला पुरून उरली, म्हणून तिच्यापासूनच आरंभ करतो. सातवीत होतो. बेळगावचा आषाढातला पाऊस. कौलांवर असा कोसळत होता की गुरुजींचे बोलणे पहिल्या बाकापर्यंतही पोहोचेना. त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिले : काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तुम्ही काय काय केलेत, ते या कागदावर सांगा. एकही अक्षर वापरायचे नाही.

अर्ध्या तासाने त्यांनी सर्वांचे कागद अदलाबदल करविले आणि शेजाऱ्याचा दिवस मोठ्याने वाचावयास सांगितले. माझा कागद ज्याच्या हाती गेला, त्याच्या घरी कानडी बोलत. मी परसातल्या विहिरीचा रहाट काढला होता. एक वर्तुळ, त्यात आऱ्या आणि खाली लोंबणारी रेघ. त्याने खड्या आवाजात वाचले, "सकाळी उठून हा सायकलवरून पडला." वर्ग हसला. गुरुजी जवळ आले, कागद पाहिला आणि फळ्यावर आणखी एक ओळ लिहिली : चूक काढणाऱ्याची की वाचणाऱ्याची? उत्तर मात्र त्यांनी सांगितले नाही. घंटा झाली आणि आम्ही भिजत घरी गेलो.

आज मी ज्या कलाकृतीविषयी बोलणार आहे, तिचा विषय नेमका हाच आहे : अक्षरांवाचून सांगितलेला एक दिवस. तिचे कर्ते शू बिंग हे चिनी कलावंत. कृतीचे नाव 'दी शू', म्हणजे भूमीवरचा ग्रंथ. ती पुस्तकाच्या रूपात आहे आणि संगणकाच्या रूपातही आहे. या दुसऱ्या रूपात पाहणाऱ्याने हात लावल्याखेरीज ती पुरी होत नाही. संगणक म्हटले की माझ्या वयाची मंडळी खुर्चीत मागे सरकून बसतात. त्यांनी तसे करण्याचे कारण नाही. प्रश्न यंत्राचा नसून वाचण्याचा आहे.

या प्रश्नाशी माझा संबंध केवळ हौसेचा नाही. मुंबईस उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन मी पाटीचिन्हांच्या व्यवसायात पडलो. १९८९ साली एका धर्मादाय रुग्णालयाने माझ्याकडे एक काम सोपविले. तेथे मराठी, कानडी, उर्दू आणि कोकणी बोलणारे रुग्ण येत. यांपैकी काहीच वाचता न येणारेही पुष्कळ असत. कोणती लिपी वर आणि कोणती खाली, या वादाला विश्वस्त कंटाळले होते. त्यांना अक्षरेच नको होती. मी मोठ्या आत्मविश्वासाने चोवीस चिन्हे करून दिली. छपाई एकरंगी, काळी. रक्ततपासणीसाठी मी एक थेंब काढला. अस्थिविभागासाठी दोन आडवीतिडवी हाडे.

पंधरवड्यानंतर मी पाहणी करण्यास गेलो. रक्ततपासणीच्या दाराशी एक बाई रिकामी बाटली घेऊन उभी होती. तापाने फणफणलेल्या नवऱ्याला तिने बाकावर निजविले होते आणि त्याच्यासाठी ती पाणी शोधत होती. थेंब म्हणजे पाणी. तिचे काय चुकले? अस्थिविभागाची कथा याहून वाईट. विजेच्या खांबावरील धोक्याच्या पाटीवर कवटीखाली हाडांची हीच फुली असते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. हात मोडलेला एक म्हातारा शेतकरी त्या दारापासून दूर, जिन्याखाली, दुपारभर बसून राहिला. आत वीज आहे असे त्याला वाटले होते. वॉर्डातल्या एका मावशींनी त्याला शेवटी हाताला धरून आत नेले. माझ्या चोवीस चिन्हांनी जे साधले नव्हते, ते त्यांनी "चला आजोबा" एवढ्या दोन शब्दांत साधले. त्या दिवशी मला गुरुजींची फळ्यावरची दुसरी ओळ आठवली, हे मुद्दाम सांगावयास नको.

साध्या चित्रचिन्हांनी सर्वांशी बोलता येईल, ही आशा मात्र माझ्या एकट्याची नव्हती. तिला मोठा वंश आहे आणि त्यातील एका नावाचा उल्लेख टाळता येत नाही. ऑटो नॉयराथ हे व्हिएन्नाचे तत्त्वज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ. १९२५ साली तेथे त्यांनी समाज आणि अर्थव्यवहार यांविषयीचे एक संग्रहालय उभे केले. कामगाराला आपल्या शहरातील जन्ममृत्यू, घरे, बेकारी यांचे आकडे कळावेत, पण त्यासाठी त्याला कोष्टके वाचावी लागू नयेत, हा हेतू. गेर्ड आर्न्ट्स हे चित्रकार त्यांना येऊन मिळाले आणि लिनोलियमवर कोरून त्यांनी सुमारे चार हजार चिन्हे घडविली. त्यांचा एक नियम आजही प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावा असा आहे. संख्या दुप्पट झाली तर माणूस दुप्पट मोठा काढावयाचा नाही, तसाच दुसरा माणूस शेजारी उभा करावयाचा. मोठ्या आकृतीची उंची आणि रुंदी दोन्ही दुप्पट होतात, म्हणजे क्षेत्र चौपट होते आणि डोळा फसतो. तीच आकृती दोनदा आली तर ती मोजता येते. १९३४ च्या राजकीय उलथापालथीत ही मंडळी हॉलंडला गेली. १९३५ मध्ये पद्धतीचे 'आयसोटाइप' असे नामकरण झाले. १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरल्या तेव्हा नॉयराथ एका नावेतून इंग्लंडकडे निसटले. शब्द माणसांत दुरावा आणतात आणि चित्रे त्यांना जवळ आणतात, अशी त्यांची श्रद्धा होती. तथापि चित्रभाषा ही साहाय्यक भाषा आहे, ती बोलीची जागा घेणार नाही, हेही ते जाणून होते. त्यांच्या अनुयायांपैकी अनेकांना, आणि १९८९ साली मला, या दुसऱ्या भागाचा विसर पडला.

शू बिंग यांची वाट अगदी निराळी. त्यांचा जन्म १९५५ सालचा, वाढले बीजिंगमध्ये. वडील विद्यापीठाच्या इतिहास विभागात, आई ग्रंथालयशास्त्राच्या विभागात. म्हणजे मूल वाढले पुस्तकांच्या फडताळांमध्ये. ते अक्षरओळख करून घेत होते तोच काळ चिनी लिपीच्या सुलभीकरणाचा. शिकलेले अक्षर पुसावे आणि त्याचे नवे, कमी रेघांचे रूप गिरवावे, असा तो अनुभव. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या वावटळीत वडिलांवर किटाळ आले आणि १९७४ मध्ये मुलाची रवानगी खेड्यात झाली. ज्याच्या बालपणी अक्षरे बदलली आणि तरुणपणी भिंतीवरच्या अक्षरांनी माणसे उद्ध्वस्त होताना ज्याने पाहिली, त्याचा लिपीवर भाबडा विश्वास राहणे शक्य नव्हते.

१९८८ साली बीजिंगमध्ये त्यांनी 'तिएन शू', म्हणजे आकाशातला ग्रंथ, प्रथम मांडला. जुन्या धाटणीने शिवलेल्या पोथ्या जमिनीवर उघडून ठेवलेल्या, छतापासून लांबच लांब गुंडाळ्या झोके घेत असलेल्या, आणि सर्वत्र छापलेली चिनी अक्षरे. पाहणारा वाचावयास जाई आणि थबके, कारण त्यांपैकी एकही अक्षर चिनी भाषेत नव्हते. सुमारे चार हजार अक्षरे शू बिंग यांनी मनाने रचली होती, लाकडाच्या ठशांवर स्वतः उलटी कोरली होती. वळण चिनी, मांडणी चिनी, अर्थ मात्र शून्य. चिनी भाषेत 'तिएन शू' या शब्दाचा एक अर्थ 'न कळणारे लिखाण' असाही होतो. विद्यापीठातला पंडित आणि निरक्षर हमाल त्या दालनात एकाच पंगतीला बसले. थट्टा म्हणाल तर थट्टा. पण एका थट्टेसाठी कोणी वर्षानुवर्षे लाकूड कोरीत बसत नाही.

१९९० मध्ये ते अमेरिकेस गेले. सतत प्रवास घडू लागला आणि त्यांचे लक्ष विमानतळांवरील पाट्यांकडे, विमानातल्या आसनामागे खोचलेल्या सुरक्षापत्रकांकडे गेले. त्या पत्रकात शब्द जवळजवळ नसतात. पट्टा कसा बांधावा, कोणत्या दाराने उडी घ्यावी, हे सगळे चित्रांनी सांगितलेले असते. ते अशी पत्रके जमवू लागले. २००३ साली च्युइंगगमच्या वेष्टनावर त्यांना तीन चिमुकली चित्रे दिसली. चघळून झालेला गम कागदात गुंडाळावा आणि कचऱ्याच्या डब्यात टाकावा, एवढाच त्यांचा आशय. त्यांच्या मनात आले की तीन चित्रांत एवढी गोष्ट सांगता येत असेल, तर अनेक चित्रांत लांबलचक गोष्ट का सांगता येऊ नये?

येथे त्यांनी स्वतःला एक बंधन घालून घेतले आणि माझ्या दृष्टीने सगळ्या कृतीचे मर्म त्या बंधनात आहे. चिन्हे आपण निर्माण करावयाची नाहीत. जगात अगोदरच चालू असलेली गोळा करावयाची. वाहतुकीच्या पाट्या, यंत्रांवरील खुणा, संगणकाच्या पडद्यावरील आकृती, कंपन्यांची बोधचिन्हे, संदेशांतून फिरणारे हसरे-रडके चेहरे, सगळे त्यांच्या संग्रहात आले. आकाशातल्या ग्रंथात प्रत्येक अक्षर नवे होते आणि वाचणारा कोणी नव्हता. भूमीवरच्या ग्रंथात एकही चिन्ह नवे नाही. वाचणारे कोण, ते पुढे पाहू.

ग्रंथाची कथा एका शहरी नोकरदाराच्या चोवीस तासांची आहे. नायक म्हणजे स्वच्छतागृहाच्या दारावर असतो तसला काळा माणूस. बाहेर पक्षी ओरडतो, उशाशी गजर होतो आणि तो उठतो. दात घासतो, कॉफी करतो, दूरदर्शन पाहतो, मांजराला खाऊ घालतो. भुयारी रेल्वेने कचेरी गाठतो. दुपारी कोणत्या दुकानातले झटपट जेवण घ्यावे याचा खल करतो. स्वच्छतागृहासमोर रांगेत तिष्ठतो. कामाच्या वेळी दिवास्वप्ने पाहतो. कोणा स्त्रीला फुले पाठवितो. सायंकाळी मित्रमंडळी, मग घर. रात्री एक डास त्याला छळतो. त्याला मारून तो झोपतो आणि सकाळी तेच पुन्हा. ओळी डावीकडून उजवीकडे जातात. आतील मजकूर भाषांतरावाचून कोणत्याही देशात छापता येतो. २०१४ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या प्रकाशनसंस्थेने हा ग्रंथ काढला तेव्हा अनुवादक नेमावा लागला नाही. असे भाग्य फारच थोड्या ग्रंथकारांना लाभते.

आता संगणकाच्या रूपाविषयी. पुस्तक तयार होत असतानाच शू बिंग यांनी या चिन्हांचा एक कोश आणि तो चालविणारी आज्ञावली करवून घेतली. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात ती मांडली गेली. कळफलकावर कोणी चिनी शब्द टंकित करतो, कोणी इंग्रजी. कोशात त्या शब्दापुढे जे चिन्ह आहे ते पडद्यावर उमटते. समोरासमोर दोघे जण बसतात. एकाला चिनी येते, दुसऱ्याला इंग्रजी. परस्परांची भाषा दोघांनाही नाही. दोघांचे बोलणे मधल्या चित्रांतून होते. चित्रकृती भिंतीवर टांगलेली नसते. ती त्या दोन अनोळखी माणसांच्या बोलण्यातून दर घटकेला नव्याने होते आणि पुसली जाते. प्रेक्षक हाच येथे अर्धा कर्ता.

हे यंत्र वस्तूंच्या आणि कृतींच्या बाबतीत विलक्षण चपळ असणार हे उघड आहे. विमान, घर, कॉफी, पाऊस, जाणे, थांबणे, झोपणे. यांना चिन्हे आहेत. परंतु त्याच पद्धतीने मी घरी एक खेळ करून पाहिला. आपल्या घरातले अगदी साधे वाक्य घेतले : "मामा उद्या आमच्याकडे जेवायला येणार आहेत." उद्या म्हणजे मावळता आणि उगवता सूर्य. जेवणे म्हणजे ताट. येणे म्हणजे बाण. आमच्याकडे म्हणजे घर. आणि मामा? मामा म्हणजे पुरुषाची आकृती. काका म्हणजे तीच. आत्याचे यजमान म्हणजे तीच. आईच्या आकृतीपासून रेघ ओढून तिच्या आईबापांपर्यंत जावे आणि तेथून खाली उतरून तिच्या भावाशी थांबावे, म्हणजे वंशवृक्षच काढावा, तेव्हा कोठे मामा उभा राहतो. तोही जेवायला येणारा मामा नव्हे, कुळकायद्याच्या दाव्यातला वारस. शिवाय 'येणार आहेत' यातला आदर कोठे काढावा? 'तू' आणि 'तुम्ही' यांच्यामधले अंतर कोणत्या बाणाने दाखवावे? ब्लॅक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या नायकाला ही अडचण येत नाही, कारण त्याच्या दिवसात नाती बेताचीच आहेत. बरोबर काम करणारे, मित्र, आवडलेली स्त्री, मांजर.

हा ग्रंथ मी तिघांना वाचावयास दिला. माझी नात महाविद्यालयात आहे. तिने पाऊण तासात बराच भाग संपविला, मधूनमधून हसलीही. माझ्या वहिनी निवृत्त शिक्षिका. सकाळचा भाग त्यांनी सहज वाचला, कचेरीतल्या संगणकाच्या खिडक्यांपाशी त्या अडल्या, डासापाशी पुन्हा मोकळ्या झाल्या. "डासाला भाषांतर नको," म्हणाल्या. तिसरा माझा चुलतभाऊ. तो शेती करतो आणि रोज मराठी व कानडी अशी दोन वर्तमानपत्रे वाचतो, म्हणजे तिघांत लिप्या वाचण्यात तोच अधिक सराईत. पक्षी, घड्याळ, दात घासणे येथवर तो आला. पुढे भुयारी रेल्वे, झटपट जेवणाच्या दुकानांची बोधचिन्हे, तो थांबला. काही पाने मागे जाऊन पुन्हा पाहिली आणि विचारले, "ह्याच्या घरात मांजराशिवाय कोणी नाही काय रे?"

तो कितीतरी चिन्हे चुकला होता. पण ब्लॅकचा दिवस त्याला कळला नाही, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

माझ्या मते या कलाकृतीने गुरुजींच्या प्रश्नाला एक नवे वळण दिले. चित्र साधे असले की ते सर्वांना कळते, ही आपली समजूत. वस्तुतः ते चित्राच्या साधेपणामुळे कळत नाही. वाचणाऱ्याने तोच दिवस जगलेला असतो म्हणून कळते. माझ्या कानडी मित्राच्या घरी नळ होता, रहाट नव्हता. त्याला दिसली सायकल. बीजिंग, न्यूयॉर्क आणि पुणे येथील तरुण हा ग्रंथ सारख्याच वेगाने वाचतात, कारण तिघांचे फोन, कॉफी आणि कंटाळा आता सारखे झाले आहेत. आधुनिक जीवनाचा ज्याला अनुभव आहे तो आपला वाचक, अशीच शू बिंग यांची धारणा आहे. म्हणजे येथे साक्षरता नाहीशी झालेली नाही, फक्त तिची शाळा बदलली.

रोज आपल्या हातात असलेल्या फोनमधील चिन्हांचा इतिहासही हेच सांगतो. १९९९ साली जपानमधील एका दूरध्वनी कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चिन्हांचा संच केला. प्रत्येक चिन्हाला जागा बारा आडव्या आणि बारा उभ्या ठिपक्यांची. त्यापूर्वीही १९९७ मध्ये तेथील एका फोनमध्ये ९० चिन्हे आलेली होती, पण प्रसार झाला तो कुरितांच्या संचापासून. २०१० मध्ये ही चिन्हे जागतिक अक्षरसंहितेत दाखल झाली आणि २०१६ मध्ये मूळ संच न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतला. ज्या देशात चिन्हे जन्मली त्या देशाचे जेवण, सण आणि रीतिरिवाज त्यांच्यात आधी आले. आपली रिक्षा, साडी, पणती आणि देऊळ यांना जागा मिळाली ती २०१९ मध्ये. तोवर कोट्यवधी लोक रिक्षातून हिंडतच होते. चिन्हांच्या जगात मात्र ते पायी होते. जोडलेल्या हातांचे चिन्ह घ्या. जपानी माणूस त्यात कृपया आणि आभार वाचतो, कोणी प्रार्थना वाचतो आणि आपण त्याने सकाळी सकाळी नातेवाइकांच्या गटाला नमस्कार पाठवितो. आपल्या खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर २००१ पासून असलेला हिरवा ठिपका ब्लॅकसाहेबांपुढे ठेवला, तर तो त्यांना छपाईच्या शाईचा डाग वाटेल. आपल्याकडे त्या ठिपक्यावर एखाद्या घरची आजी वेष्टन उघडावे की नाही ते ठरविते.

याच्या उलट उदाहरण आपल्या देशाने फार पूर्वी घालून दिले आहे आणि त्याला आपण कला म्हणत नाही म्हणून ते दुर्लक्षित राहते. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती आणि १९५१-५२ मध्ये प्रत्येक प्रौढाला मत द्यावयाचे होते. प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र पेटी ठेवली गेली आणि तिच्यावर चिन्ह लावले गेले. जू घेतलेली बैलजोडी, झोपडी, दिवा, वडाचे झाड, हत्ती, कणीस आणि विळा. ही यादी वाचून पाहा. कोणीतरी मतदाराच्या अंगणात उभे राहून तिची निवड केली असावी असे वाटते. मी रुग्णालयात माझ्या कचेरीतून थेंब नेला होता. येथे चिन्ह मतदाराच्या घरातून निघाले आणि पेटीवर गेले. निवडणुकीनंतर कोण कोणास किती पावले हा निराळा विषय आहे आणि तो या व्यासपीठाचा नव्हे.

आता थोडे आपल्या गावाविषयी बोलणे भाग आहे. १९५६ च्या १ नोव्हेंबरपासून या गावातली प्रत्येक पाटी ही केवळ पाटी राहिलेली नाही. कोणत्या लिपीत, किती मोठ्या अक्षरात, वर की खाली, यावरून येथे डांबर फासले गेले आहे, डोकी फुटली आहेत. खुद्द गावाच्या नावाचे सरकारी रूप २०१४ मध्ये बदलले. माझ्या मराठीचा मला अभिमान आहे आणि तो लपविण्याचे कारण नाही. तरीही तरुणपणी मला मनापासून वाटे की अक्षरेच काढून टाकावीत, चित्रे लावावीत, म्हणजे भांडण मिटेल. रुग्णालयाच्या विश्वस्तांनाही तेच वाटले होते. आज तसे वाटत नाही. चित्र अबोल असते म्हणून ते निःपक्षपाती असते असे नाही. ते कोणाच्या तरी घरातले असतेच. शिवाय दोन भाषांमधले जे खरोखर सामायिक आहे, ते चित्रात उतरतच नाही. आमच्या गल्लीत मराठी घरातही अक्का होती, कानडी घरातही अक्का. इकडे अण्णा, तिकडे अण्णा. पाट्यांच्या लिप्या वेगळ्या, पण संध्याकाळी दारातून दिलेली हाक एकच असे आणि कधीकधी दोन्ही घरांतले अण्णा एकदम बाहेर येत. कोशात 'अण्णा' या शब्दापुढे कोणती आकृती ठेवणार?

रुग्णालयाचे पुढे काय झाले हे सांगावयाचे राहिले. मी सगळी चिन्हे नव्याने केली; या वेळी मेजावर बसून नव्हे, तर त्या मावशींना बरोबर घेऊन, ओसरीवर बसलेल्या रुग्णांना विचारीत. थेंब गेला, त्याच्या जागी दंडात सुई टोचलेला हात आला, कारण रक्त देणाऱ्याला थेंब दिसत नाही, सुई दिसते. हाडांची फुली गेली. गळ्यात अडकविलेल्या झोळीतला मोडका हात आला. लिप्याही ठेवल्या, तिन्ही ठेवल्या. आणि मावशींची खुर्ची व्हरांड्यातून हलवून मुख्य दाराशी आणावी, अशी शिफारस मी अहवालात केली. विश्वस्तांनी ती हसून मान्य केली.

मागील वर्षी मुख्याध्यापकांच्या अनुमतीने मी याच शाळेत आठवीच्या वर्गावर गुरुजींचा तास पुन्हा घेतला. फळ्यावर त्यांचेच वाक्य लिहिले. पाऊस नव्हता, कौलेही आता नाहीत. मुलांच्या कागदांवर फोन होते, शाळेची व्हॅन होती, शिकवणीच्या वर्गाचे घड्याळ होते आणि फोनमधले हसरे चेहरे तर पुष्कळच. अर्ध्याहून अधिक दिवस शेजाऱ्याने धडाधड वाचले. एका मुलीच्या कागदावर मात्र शेवटच्या ओळीत एक चिन्ह होते ते कोणालाच लागेना. एक लहान वर्तुळ, त्याला मधोमध छेदणारी रेघ, आणि बाजूला दोन तिरप्या काठ्या. कोणी म्हणाले क्रिकेट. कोणी म्हणाले टिपऱ्या. मीही चष्मा लावून पाहिले. मला 'प्रवेश बंद'ची वाहतुकीची पाटी वाटली. शेवटी तिलाच विचारले. ती म्हणाली, "ती आजीची गोळी आहे, सर. रात्री नऊला अर्धी मोडून द्यायची असते. आणि ह्या काठ्या नाहीत. हे तिचे पाय. गोळी घेतल्यावर मी चेपते."